गाडीत बसवायचा एअर कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी: निवड, जोडणी आणि त्यामागचे गणित

ऑफ-रोडिंगसाठी गाडी तयार करू लागलेल्या माणसाच्या यादीत विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) आणि जादा दिव्यांनंतर कधीतरी एअर कॉम्प्रेसरचा विषय येतोच, आणि तो आला की पहिला प्रश्न बहुधा टाकी किती लिटरची घ्यावी हा असतो. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा आहे. टायर भरण्याचे काम कॉम्प्रेसर करतो, टाकी करत नाही; आणि कॉम्प्रेसर नीट चालेल की नाही हे त्याच्यापर्यंत पोहोचणारी वीज आणि त्याच्याभोवतीची उष्णता ठरवते. टाकीचा उपयोग आहे, पण तो वेगळ्या कामांसाठी आहे. हे एकदा लक्षात आले की खरेदी आणि बसवणूक या दोन्हींतला गोंधळ बराच कमी होतो.

मुळात एवढी हवा लागते कशाला, ते आधी पाहू. वाळूत, चिखलात किंवा सुट्या खडकांवर गाडी नेताना टायरमधील हवा मुद्दाम कमी केली जाते. रस्त्यावर ३० ते ३५ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड, हे दाबाचे एकक) दाब असलेला टायर वाळूसाठी १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवला की त्याचा जमिनीला टेकणारा भाग लांबीने वाढतो, गाडीचे वजन अधिक जागेवर पसरते आणि चाक रुतण्याऐवजी वरून पुढे सरकते. खडकांवर हाच मऊ टायर दगडाच्या आकाराप्रमाणे दबतो आणि पकड धरतो. अडचण परत डांबरी रस्त्यावर आल्यावर सुरू होते. कमी हवेच्या टायरवर वेगात गाडी चालवली तर टायरच्या बाजूच्या भिंती सतत दुमडतात, तापतात आणि आतून निकामी होतात. वळणावर टायरची कड रिममधून सुटण्याचीही भीती असते. म्हणजे हवा काढणे जितके आवश्यक तितकेच ती जागेवरच परत भरणे आवश्यक, आणि जैसलमेरच्या वाळूत किंवा स्पितीच्या खोऱ्यात जवळपास पंक्चरचे दुकान मिळेलच असे नाही.

आता हवेचा हिशेब मांडू. महिंद्रा थारच्या वरच्या मॉडेलांना आणि फोर्स गुरखाला २५५/६५ आर १८ या मापाचे टायर येतात. अशा एका टायरच्या आतील पोकळी ढोबळमानाने ७० लिटरची धरता येते. दाब १५ पीएसआयने वाढवणे म्हणजे सुमारे एका वातावरणाइतका, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाइतका, दाब वाढवणे, आणि त्यासाठी टायरच्या आकारमानाइतकीच, म्हणजे ७० लिटर, बाहेरची मोकळी हवा आत कोंबावी लागते. चार टायरांना मिळून २८० लिटर झाली. आता गाडीत सहज मावणारी १० लिटरची टाकी घ्या आणि ती १५० पीएसआयपर्यंत, म्हणजे साधारण १० वातावरणे दाबाने, भरा. टाकीतील दाब टायरच्या दाबापर्यंत, म्हणजे सुमारे २ वातावरणांपर्यंत, उतरला की हवेचा प्रवाह थांबतो. म्हणून तिच्यातून मिळणारी हवा १० गुणिले ८, म्हणजे ८० लिटरच्या आसपास भरते. एवढ्यात एक टायर भरतो आणि दुसऱ्याची सुरुवात होते. उरलेले सगळे काम कॉम्प्रेसरलाच करायचे असते. शिवाय टाकी झपाट्याने रिकामी होताना आतली हवा थंड होते आणि तिचा दाब आणखी पडतो, त्यामुळे प्रत्यक्षात हाती येणारी हवा या आकड्याहूनही थोडी कमीच असते.

मग टाकी हवी कशाला? ज्या कामांना थोडा वेळ पण जोरात हवा लागते, त्या कामांसाठी. रिममधून सुटलेली टायरची कड परत बसवायची असेल तर हवेचा एकदम मोठा झोत लागतो. व्हॉल्व्हमधील पिन काढून टाकीची हवा सोडली की तो मिळतो, फक्त या कामात टायरचा दाब ४० पीएसआयच्या वर जाऊ द्यायचा नाही, कारण कड जागेवर न बसता टायरच फाटू शकतो. धुळीने भरलेल्या एअर फिल्टरवर हलका झोत मारणे हेही टाकीचेच काम. तिसरा उपयोग कमी बोलला जातो, पण रोजच्या वापरात तोच अधिक जाणवतो. स्वयंचलित प्रेशर स्विच (ठरावीक दाबांना पंप आपोआप चालू-बंद करणारा) असलेल्या जोडणीत टाकी नसेल तर नळी बंद करताच क्षणात दाब चढतो, कॉम्प्रेसर बंद पडतो, नळी उघडताच पुन्हा सुरू होतो, आणि अशा सतत चालू-बंद होण्याने मोटर व रिले (थोड्या विजेने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) दोन्ही झिजतात. टाकी हा धक्का पोटात घेते. इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीमुळे प्रत्येक नळ उघडताना खालचा पंप सुरू करावा लागत नाही, तसाच हा प्रकार आहे.

हवेवर चालणारा नट खोलण्याचा पाना चालवायचा म्हणून मोठी टाकी हवी, असेही सांगितले जाते. अर्ध्या इंची पान्याला मिनिटाला १०० लिटरहून अधिक हवा लागते आणि तीही ९० पीएसआयच्या आसपास. १० लिटरच्या टाकीतून त्या दाबापर्यंत मिळणारी ४० लिटर हवा पंधरा-वीस सेकंदांत संपते. एका चाकाचे नट निघतील, पुढच्या चाकासाठी थांबावे लागेल. आज बॅटरीवर चालणारे पाने सहज मिळत असताना केवळ या कामासाठी टाकी वाढवण्यात मला अर्थ दिसत नाही. एअर लॉकरची गोष्ट वेगळी. ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीचे हवेच्या दाबावर लागणारे डिफरेन्शियल लॉक (डावे-उजवे चाक एकाच वेगाने फिरवणारी कळ) ज्यांनी बसवले आहेत त्यांना दाबाखालील हवा हाताशी लागतेच, पण ती अगदी थोडी लागते. गुरखामध्ये कारखान्यातूनच येणारे लॉक यांत्रिक आहेत, त्यांना हवेची गरज नाही. त्यामुळे आपल्याकडील बहुतेकांसाठी चांगला कॉम्प्रेसर आणि ४ ते १० लिटरची टाकी एवढे पुरेसे ठरते, आणि नुसता कॉम्प्रेसर घेऊन टाकीचा निर्णय पुढे ढकलणाराही चुकत नाही.

कॉम्प्रेसर निवडताना खोक्यावरील हवेचा आकडा सावधपणे वाचावा. तो बहुधा समोर काहीही दाब नसताना मोजलेला असतो. ३० पीएसआयच्या टायरवर तोच पंप कमी हवा देतो आणि १०० पीएसआयच्या टाकीवर त्याहूनही कमी. म्हणून ३० पीएसआयला मिनिटाला किती लिटर, हाच प्रश्न विचारायचा. तिथे ५० लिटर देणारा पंप वरच्या हिशेबातील चार टायर साधारण सहा मिनिटांत भरतो, दोन सिलिंडरचा मोठा पंप त्याच्या निम्म्या वेळात. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे पंप मागे पडतात ते याच कारणाने: त्या सॉकेटचा फ्यूज १० ते १५ अँपिअरचा असतो आणि एवढ्या विजेत मोठी मोटर फिरूच शकत नाही.

दुसरा महत्त्वाचा आकडा ड्युटी सायकलचा, म्हणजे ठरावीक वेळेपैकी किती वेळ पंप सलग चालवता येतो याचा. ३३ टक्के असे लिहिले असेल तर दहा मिनिटे चालवून वीस मिनिटे विश्रांती, असा त्याचा ढोबळ अर्थ. मात्र हे मोजमाप ठरावीक दाबावर आणि बहुधा २२ अंश सेल्सिअसच्या सुखद हवेत केलेले असते. विदर्भातील मे महिन्यात, ४५ अंशांच्या हवेत आणि तापलेल्या बॉनेटखाली, त्या टक्केवारीवर विसंबता येत नाही. हवा दाबली की ती तापतेच: ३० अंशांची हवा उष्णता बाहेर जाऊ न देता १५० पीएसआयपर्यंत दाबली तर गणिताने तिचे तापमान तीनशे अंशांच्या पुढे जाते. प्रत्यक्षात पंपाचे डोके बरीच उष्णता बाहेर टाकत असल्याने आकडा एवढा चढत नाही, पण पंपातून निघणारी नळी हाताला चटका देण्याइतकी तापते हे नक्की. चांगल्या पंपात तापमान मर्यादेबाहेर गेल्यास मोटर बंद करणारा थर्मल कटआउट असतो. तो नसलेला पंप घेऊ नये.

याच उष्णतेवरून पंपाची जागा ठरते. बॉनेटखाली बसवल्यास बॅटरी जवळ पडते आणि वायर आखूड राहते, हा मोठा फायदा. तोटा म्हणजे इंजिनची उष्णता. तिथे बसवायचाच असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोपासून दूर, पुढच्या बाजूला किंवा फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) वरच्या कोपऱ्यात, ताज्या हवेच्या वाटेवर बसवावा. सीटखाली किंवा डिकीत तो थंड आणि कोरडा राहतो, मात्र आवाज आत येतो आणि वायर लांबते. चासीच्या बाजूला, गाडीच्या पोटाखाली पंप लावण्याचा सल्ला मी देणार नाही. कोकणातील पावसाळी ओढे आणि चिखल यांत त्याचे आयुष्य फार राहत नाही. पंप कुठेही बसवला तरी त्याच्या हवा ओढण्याच्या तोंडाला नळी जोडून फिल्टर उंच, कोरड्या आणि धूळ कमी असलेल्या जागी न्यावा. पंपाखाली रबरी बुश द्यावेत, ब्रॅकेट जाड पत्र्याचा असावा आणि नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) असावेत, कारण कंपनाने साधे नट सैल होतात. ब्रॅकेटसाठी चासीला भोके पाडण्याआधी गाडीत आधीपासून असलेली भोके आणि बोल्ट शोधावेत. भोक पाडणे अटळ असेल तर चासीच्या वरच्या-खालच्या कडांना हात न लावता मधल्या उभ्या भागावर, कंपनीच्या सूचना पाहूनच पाडावे.

आता विजेकडे वळू, कारण फसलेल्या बसवणुकींचे मूळ बहुधा इथे सापडते. मध्यम आकाराचा १२ व्होल्टचा पंप भर दाबाखाली ३० अँपिअरच्या आसपास वीज ओढतो आणि दोन सिलिंडरचा ५० ते ६०. तीस अँपिअर म्हणजे जवळजवळ ४०० वॉट, म्हणजे दोन्ही हॅलोजन हेडलाइटच्या तिप्पट. एवढा प्रवाह बारीक वायरीतून नेला तर वायर तापते आणि मोटरपर्यंत पोहोचणारा व्होल्टेज पडतो. पंप डिकीत आहे, बॅटरीपासून ४ मीटर दूर आहे, म्हणजे जाण्या-येण्याची मिळून ८ मीटर तांब्याची वायर आहे असे समजा. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ३० अँपिअरला सुमारे १.६५ व्होल्ट वाटेतच जातात. ६ चौरस मिलिमीटरमध्ये ०.७ आणि १० चौरस मिलिमीटरमध्ये ०.४ व्होल्ट. मोटरला कमी व्होल्टेज मिळाला की ती हळू फिरते, दाबाखाली सुरू होताना अडखळते आणि अधिक तापते. मग पंप वाईट निघाला असा समज होतो. या अंतरासाठी १० चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची, बारीक तारांची वायर वापरावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची वायर त्याच जाडीच्या नावाने स्वस्तात मिळते, ती घेऊ नये.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून शक्य तितका जवळ, वीतभर अंतराच्या आत असावा. फ्यूज पंपाला वाचवण्यासाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर कुठे घासून चासीला टेकली तर तिला अडवणारे काहीच नसते. पंप ३० अँपिअरचा असल्यास ४० अँपिअरचा फ्यूज आणि त्याहून अधिक प्रवाह पेलणारी वायर, असा क्रम ठेवावा. त्यानंतर रिले. डॅशबोर्डवरचा स्विच आणि टाकीवरचा प्रेशर स्विच यांच्यातून मोटरचा प्रवाह कधीही नेऊ नये. त्यांनी फक्त रिलेच्या कॉइलला वीज द्यायची किंवा तोडायची. कॉइलची वीज इग्निशनवरून घ्यावी, म्हणजे गाडी बंद करून घरी गेल्यावर टाकीतील बारीक गळतीमुळे रात्रभर पंप सुरू-बंद होऊन बॅटरी उतरणार नाही. ज्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर सेन्सर असतो, तिथे पंपाची अर्थिंग थेट त्या टोकाला न जोडता सेन्सरच्या पलीकडे चासीच्या अर्थिंग बोल्टला जोडावी, अन्यथा गाडीच्या संगणकाला या प्रवाहाचा हिशेबच लागत नाही. सगळे लग (वायरीच्या टोकांचे धातूचे जोड) चांगल्या क्रिम्पिंग पकडीने दाबलेले असावेत आणि फायरवॉलमधून जाणाऱ्या वायरीला रबरी ग्रोमेट असावा. टायर भरताना इंजिन चालू ठेवावे.

हवेच्या वाटेवरील जोडणीत क्रम महत्त्वाचा आहे. पंपातून निघणारी पहिली नळी स्टीलची जाळी असलेली, उष्णता सहन करणारी हवी. नायलॉनची किंवा पीयूची (पॉलियुरेथेनची) नळी थेट पंपाला लावली तर ती मऊ होऊन सुटते. ही नळी टाकीकडे जाते आणि टाकीच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, जेणेकरून टाकीतील दाब पंपाच्या डोक्यावर सतत बसून राहणार नाही. टाकीवर प्रेशर स्विच, दाबाचा मीटर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह लागतात. उदाहरणार्थ प्रेशर स्विच ११० पीएसआयला पंप सुरू करून १४५ ते १५० ला बंद करत असेल, तर सेफ्टी व्हॉल्व्ह १७५ चा आणि टाकी किमान २०० पीएसआय कामकाजाच्या दाबाची असावी. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये कोणताही कॉक असता कामा नये. टाकीतून पुढे बॉल व्हॉल्व्ह आणि क्विक कपलर (नळी झटकन लावता-काढता येणारा जोड), आणि त्यावर गुंडाळी होणारी नळी.

आपल्याकडे हमखास डोकेदुखी होते ती आट्यांची. परदेशी पंप आणि टाक्यांवर बहुधा एनपीटी (अमेरिकी पद्धतीचे) आटे असतात, तर आपल्या हार्डवेअरच्या दुकानात सर्रास बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचे) मिळतात. पाव इंची मापात एनपीटीला इंचाला १८ आटे, बीएसपीला १९. पहिले दोन-तीन फेरे छान बसतात, मग अडते, आणि जोर लावला की ॲल्युमिनिअमचे आटे कायमचे जातात. अर्ध्या इंचीत दोन्हींना १४ आटे असल्याने फसगत अधिक सोपी, कारण फरक मुख्यतः आट्यांच्या कोनात, ६० आणि ५५ अंशांत, उरतो. पाना मारताना सगळे बरोबर वाटते आणि गळती मात्र थांबत नाही. म्हणून एक पद्धत ठरवून सगळी फिटिंग त्याच पद्धतीची घ्यावीत आणि जिथे दोन्हींची गाठ पडते तिथे योग्य अडॅप्टर वापरावा. टेफ्लॉन टेप पहिला आटा सोडून गुंडाळावी, म्हणजे तिचे तुकडे आत जाऊन व्हॉल्व्हमध्ये अडकत नाहीत.

टाकीच्या बाबतीत काटकसर करू नये. जुने अग्निशामक, गॅसचा रिकामा सिलिंडर, पीव्हीसीचा पाइप यांची टाकी करण्याच्या कल्पना लोकांना सुचतात. पीव्हीसी फुटतो तेव्हा त्याच्या धारदार चिरफळ्या उडतात आणि त्या शरीरात घुसल्या तर एक्स-रेमध्येही धड दिसत नाहीत. ट्रकच्या एअर ब्रेकची टाकी नवी असेल आणि तिच्यावरील कमाल दाब आपल्या प्रेशर स्विचच्या वर असेल तर ती उत्तम. भंगारातली घेऊ नये, कारण गंज आतून लागलेला असतो आणि बाहेरचा रंग पाहून तो कळत नाही. टाकीला स्वतः वेल्डिंग करून ब्रॅकेट जोडणे टाळावे, पट्ट्यांनी आवळावी. गाडीखाली बसवताना सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट, डिझेलच्या नळ्या आणि पूर्ण दबलेल्या सस्पेन्शनची जागा मोकळी सोडावी.

पाण्याचा निचरा हा दुर्लक्षित विषय. पावसाळी कोकणात ३० अंशांना एक घनमीटर हवेत २७ ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ असते. १० लिटरची टाकी १५० पीएसआयपर्यंत भरताना तिच्यात ११० लिटर हवा, म्हणजे ३ ग्रॅम पाणी जाते आणि थंड झाल्यावर त्यातले अडीच ग्रॅमहून जास्त द्रवरूपात तळाशी साचते. एका भरण्याला अर्धा चमचा. म्हणून ड्रेन कॉक टाकीच्या सर्वांत खालच्या बिंदूवर असावा आणि प्रत्येक सहलीनंतर तो उघडावा.

लेहसारख्या ठिकाणी, ३५०० मीटर उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. पंप प्रत्येक फेऱ्यात तितकीच कमी हवा ओढतो, त्यामुळे तिथे टायर भरायला लागणारा जादा वेळ हा पंपाचा दोष नसतो.

कायद्याच्या बाजूने, मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ हे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलांहून वेगळे होतील अशा बदलांना मनाई करते, आणि वायरिंग कापून केलेली जोडणी वॉरंटीच्या वादाला निमंत्रण देते. त्यामुळे मूळ वायरिंगला न छेडता स्वतंत्र हार्नेस (वायरींचा संच) करावा आणि विमा कंपनीला कळवावे. हाताशी हवा आली म्हणून ट्रकसारखा भोंगा जोडण्याचा मोह मात्र आवरावा: केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११९ कर्कश आणि अनेक सुरांच्या भोंग्यांना परवानगी देत नाही.

सगळे जोडून झाल्यावर टाकी भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावावे आणि मग ती रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी काटा खाली आलेला दिसला की लगेच सगळे सांधे उकलू नयेत. संध्याकाळी ३५ अंशांना १५० पीएसआयवर असलेली टाकी पहाटे २० अंशांपर्यंत थंड झाली तर एकही बुडबुडा न गळता काटा १४२ च्या आसपास येतो. तो १०० च्या जवळ आला असेल तर पहिला संशय नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर घ्यावा आणि तो तपासण्यासाठी पंपाकडची नळी सोडून त्या तोंडाला साबणाचे पाणी लावावे. तिथे बुडबुडे नसतील तर क्विक कपलर, आणि त्यानंतर प्रेशर स्विचचा सांधा.